झडपेचा संसर्ग आणि पक्षाघात : एका वाक्याचे मोल



पक्षाघाताविषयी गेल्या काही वर्षांत समाजात पुष्कळ प्रबोधन झाले आहे. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, वाचा अडखळली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे. साडेचार तासांच्या आत रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन मिळाल्यास कायमचे अपंगत्व टळू शकते, हे आता अनेकांना ठाऊक आहे. ही शिकवण योग्यच आहे. तथापि एक रुग्णवर्ग असा आहे की, ज्याच्या बाबतीत हेच जीवनदायी इंजेक्शन प्राणघातक ठरू शकते. हृदयाच्या झडपेस जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णांचा हा वर्ग होय. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

हृदयात चार झडपा असतात व त्या रक्ताला एकाच दिशेने वाहू देतात. लहानपणी संधिवाताच्या तापाने बिघडलेली, जन्मतः सदोष असलेली किंवा शस्त्रक्रियेने बसविलेली कृत्रिम झडप जंतूंना आसरा देते. दात, हिरड्या, त्वचेवरील जखम किंवा शिरेत घातलेली नळी यांतून रक्तात शिरलेले जंतू अशा झडपेवर ठाण मांडतात. तेथे जंतू, रक्तकणिका व तंतू यांचा मऊ, ठिसूळ पुंजका वाढू लागतो. वैद्यकशास्त्र या व्याधीस इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणते. विल्यम ऑस्लर या विख्यात वैद्याने १८८५ साली लंडन येथे या रोगावर व्याख्याने दिली, त्या काळी तो बहुधा मृत्यूचाच निरोप असे. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावर, म्हणजे १९४० नंतरच्या दशकात, हे चित्र पालटले.

या पुंजक्याचा एखादा तुकडा सुटून रक्तप्रवाहाबरोबर मेंदूत गेला की तेथील रक्तवाहिनी तुंबते आणि पक्षाघात होतो. बाहेरून पाहता हा पक्षाघात इतर पक्षाघातांसारखाच दिसतो. परंतु येथे अडकलेला तुकडा जंतूंनी भरलेला असतो. ते जंतू रक्तवाहिनीची भिंत पोखरतात. काही वेळा ती भिंत फुग्यासारखी फुगून कमकुवत होते. अशा स्थितीत गुठळी विरघळविणारे औषध दिले तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका फार वाढतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील रुग्णालयीन नोंदींच्या अभ्यासात असे इंजेक्शन दिलेल्या रुग्णांची तुलना केली गेली. झडपेचा संसर्ग असलेल्या शंभर रुग्णांमागे २० जणांना मेंदूत रक्तस्राव झाला, तर इतरांमध्ये हे प्रमाण सुमारे साडेसहा होते. म्हणूनच या संसर्गाची लक्षणे असल्यास ते इंजेक्शन देऊ नये, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. डाग कशाचा आहे हे न पाहता प्रत्येक डागावर एकच द्रावण ओतणारा डागाबरोबर कापडही गमावतो. तशीच ही गोष्ट आहे.

मग उपचार कोणता? मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी घालून तो तुकडा बाहेर ओढून काढता येतो. २०१५ नंतर ही पद्धत जगभर रूढ झाली. निवडक रुग्णांत तिचा विचार होतो आणि काढलेला तुकडा तपासून जंतूही ओळखता येतात. ही सोय मोठ्या केंद्रांतच असते. परंतु खरा मूलोपचार म्हणजे योग्य प्रतिजैविक शिरेतून देणे. तो साधारणपणे चार ते सहा आठवडे चालतो. २००७ सालच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात प्रतिजैविक सुरू केल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात दर १००० रुग्ण-दिवसांमागे पक्षाघाताचे प्रमाण ४.८२ आढळले, दुसऱ्या आठवड्यात ते १.७१ वर उतरले. अर्थात निदान जितके लवकर, तितका मेंदू सुरक्षित. झडप फारच खराब झाली असल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. तिची वेळ हृदयशल्यचिकित्सक व मेंदूतज्ज्ञ यांनी मिळून ठरवावयाची असते. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला असल्यास सामान्यतः महिनाभर थांबतात.

येथे घरच्या माणसांचे कर्तव्य सुरू होते. अत्यवस्थ रुग्णास बोलता येत नाही आणि डॉक्टरांच्या हाती मिनिटे मोजकी असतात. त्या वेळी नातेवाइकांनी उच्चारलेले एक वाक्य, "यांच्या झडपेचा आजार आहे आणि तीन आठवड्यांपासून ताप येतो आहे", उपचाराची दिशा बदलू शकते. झडपेच्या शस्त्रक्रियेची फाईल, इकोचा अहवाल व चालू गोळ्यांची चिठ्ठी घरात ठरलेल्या जागी असावी. कृत्रिम झडपेचे रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेतात. तिचे नाव व शेवटची मात्रा केव्हा घेतली, हे न विसरता सांगावे. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये वा वाढवू नये. तपश्चर्येच्या दिवसांतही तिच्याविषयीचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

याहून महत्त्वाची सूचना तापाविषयी आहे. झडपेचा आजार असलेल्या व्यक्तीस रेंगाळणारा ताप, थंडी, रात्रीचा घाम, वजनात घट अशी लक्षणे दिसली तर औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविक आणून देऊ नये. दोन-चार दिवसांच्या गोळ्यांनी ताप दबतो, जंतू मात्र झडपेवरच राहतो आणि पुढे रक्ताच्या कल्चर तपासणीत सापडत नाही. आधी रक्त तपासणीस द्यावे, मग औषध सुरू करावे, हा क्रम मोडू नये. अत्यवस्थ रुग्णात हे दोन्ही काही मिनिटांच्या अंतरानेच केले जाते.

जिल्हा विस्ताराने राज्यात सर्वांत मोठा. अकोले, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांतून नगर गाठण्यातच बहुमोल वेळ जातो. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तिचा उपयोग करावा व सीटी स्कॅनची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात प्रथम जावे. आचार्य आनंदऋषीजी महाराज यांच्या स्मरणार्थ नगरमध्ये उभ्या राहिलेल्या रुग्णालयामुळे हृदयशस्त्रक्रिया जिल्ह्यातच होऊ लागली, ही समाजास भूषणावह बाब होय. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या सामान्य स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. योग्य माहिती अल्पशिक्षित घरातही प्राण वाचवू शकते, याचा तो वस्तुपाठ आहे.

प्रतिबंधाची सुरुवात बालपणीच होते. मुलांचा घसा दुखून ताप आला व पुढे सांधे सुजले तर दुर्लक्ष करू नये. संधिवाताचा ताप होऊन गेलेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनी द्यावयाचे पेनिसिलिनचे इंजेक्शन डॉक्टर सांगतील तितकी वर्षे चालू ठेवावे. दात-हिरड्या स्वच्छ राखाव्यात. कृत्रिम झडप असलेल्यांनी दात काढण्यापूर्वी दंतवैद्यास तसे अवश्य सांगावे.

रुग्णालये, यंत्रे व औषधे दानातून उभी राहतात. परंतु वेळेवर दिलेल्या खऱ्या माहितीस पैसा लागत नाही. प्रत्येक कुटुंबाने ती आपल्या घरात तयार ठेवावी, एवढीच या प्रसंगी नम्र विनंती.

जय जिनेंद्र.