आपले पूर्वज : जमिनीची साक्ष आणि रक्ताची साक्ष

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी कुळांची नावे, गोत्र, देवक व मूळ गाव हा तपशील छापला जातो. आपण कोणाचे कोण, हे जाणण्याची इच्छा स्वाभाविक आहे. तथापि आपल्यापैकी बहुतेकांची वंशावळ सातव्या-आठव्या पिढीपाशी येऊन थांबते. त्यापलीकडील पूर्वजांविषयी कळण्यास काही साधन आहे काय, ह्याचे उत्तर मी यथामति मांडणार आहे. मी मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करलेला मनुष्य, शास्त्रज्ञ नव्हे. परंतु शास्त्राने जे पुरावे सर्वांसमोर ठेवले आहेत, ते समजून घेण्यास पदवी लागत नाही.

सर्व सजीव समान पूर्वजांपासून हळूहळू बदलत आले, हा सिद्धान्त डार्विनने १८५९ साली आपल्या ग्रंथात मांडला. त्याला दोन स्वतंत्र साक्षी आहेत.

पहिली साक्ष जमिनीची. आपल्या जालना जिल्ह्यात विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे. ह्या लाव्ह्याच्या खालच्या थरांत, चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे, डायनोसॉर ह्या प्राचीन प्राण्यांची हाडे सापडली. उलट, त्याच पाषाणावर फार पुढच्या काळी गोदावरीने जो गाळ व गोटे साचविले, त्यांत हत्तीचे व रानबैलाचे अश्मीभूत अवशेष मिळाले. पैठणजवळच्या मुंगी गावी त्याच गोट्यांत एकोणिसाव्या शतकात अकीकाचे आदिमानवाचे हत्यार सापडले. पुढे १९५४ पासून डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया यांनी प्रवरेकाठी नेवासे येथे उत्खनन करून अश्मयुगीन हत्यारे उजेडात आणली. जीवसृष्टी एकाच दिवशी आजच्या रूपात अवतरली असती, तर हे सर्व अवशेष सरमिसळ सापडावयास हवे होते. परंतु जगभर खोदकाम होऊनही डायनोसॉरच्या थरात माणसाचे हाड कोठेही मिळालेले नाही.

मग मधल्या पायऱ्या कोठे आहेत, असे कोणी विचारील. त्याही आहेत. देवमासा हा मासा नव्हे. तो पिलांना दूध पाजणारा, हवेत श्वास घेणारा प्राणी आहे. अशोक साहनी व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात कच्छमध्ये प्राचीन देवमाशांचे अवशेष शोधले. त्या काळच्या देवमाशांना मागचे पाय होते. जमिनीवरचा प्राणी समुद्रात कसा गेला, त्याची ही पायरीच होय.

दुसरी साक्ष आपल्या रक्तात, म्हणजे पेशीतील आनुवंशिक लिखाणात आहे. लिंबू, आवळा, पेरू यांतील ‘क’ जीवनसत्त्व आपणांस अन्नातूनच घ्यावे लागते. ते न मिळाल्यास हिरड्यांतून रक्त येते. शेळीला किंवा गाईला त्याची चिंता नाही, कारण त्यांचे शरीर ते स्वतः तयार करते. ते तयार करण्याचे जनुक आपल्या पेशीतही आहे, परंतु मोडलेल्या अवस्थेत. आपल्या शिवारात उड्या मारणाऱ्या वानराचेही तसेच आहे. परीक्षकास हे लवकर उमगेल. दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तरे सारखी असली तर त्यात नवल नाही. परंतु चूकही त्याच ओळीत, त्याच प्रकारची असेल, तर दोन्हींची मूळ प्रत एकच.

आणखी एक गोष्ट पाहा. चिंपांझीच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, माणसाच्या पेशीत ४६. ही एक जोडी गेली कोठे? आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रे जोडून झालेले आहे, आणि गुणसूत्राच्या टोकास असणारी खूण त्याच्या मध्यभागी, सांध्यापाशी, आजही दिसते. ह्याचा अर्थ माणूस आजच्या माकडापासून झाला असा नव्हे. दोघांचे फार प्राचीन पूर्वज एक होते. नाते बापलेकाचे नसून दूरच्या चुलतभावांचे आहे.

आता आपल्या ज्ञातीकडे वळतो. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह भारतीय उपखंडातील ७३ समाजगटांचा अभ्यास करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील भिन्न लोकसमूह परस्परांत मोठ्या प्रमाणात मिसळले. आज वरिष्ठ व कनिष्ठ म्हणविणाऱ्या बहुतेक सर्व समाजांत त्या मिश्रणाचा अंश आहे. रोटी-बेटीची कुंपणे त्यानंतर घट्ट झाली. म्हणजे आपली वंशावळ खोटी नाही, ती अपुरी आहे. ती पुरी लिहू गेल्यास शेजारच्या आळीतील कुटुंबे तिच्यात येतात.

ह्या कुंपणांची किंमतही पडते. आंध्रातील वैश्य समाजात, भूल देताना वापरले जाणारे एक औषध शरीरात लवकर न विरण्याचा आनुवंशिक दोष इतरांहून पुष्कळ अधिक आढळतो. लहान वर्तुळात शतकानुशतके विवाह होत राहिले की सुप्त दोष आई व वडील दोघांकडून येऊन एकत्र होण्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याच्या आपल्या चालीत तो आणखी वाढतो. अशा प्रत्येक विवाहात दोष येतोच असे नाही. पण धोका जाणून घेणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.

म्हणून मंडळास माझी नम्र विनंती आहे. वधूवर-सूचक पत्रकात गोत्र व देवकाच्या रकान्यांशेजारी थॅलसेमिया व सिकलसेल यांच्या रक्ततपासणीचा रकाना घालावा. आणि ज्या मुलामुलींनी ज्ञातीबाहेर विवाह केला, त्यांची नावे स्मरणिकेच्या कुटुंबसूचीतून गळतात, ती पुन्हा घ्यावीत. ती आपलीच लेकरे आहेत. गोदेच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे पोर नाथांनी कडेवर घेतले, तेव्हा त्याची जात विचारली नाही, ही कथा आपण सर्वजण आदराने सांगतो. नाथांनी जे अंतःकरणाने ओळखले, तेच आज शास्त्र पुराव्याने सांगत आहे.