तपकिरी म्हणजे थेट बॅटरी

आज बोलूया गाडीच्या वायरिंगबद्दल. सध्या मी गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितो, पण गाडीतली वीज मला कळली ती बीटेकच्या सुट्ट्यांमध्ये, भोरला मामांच्या दुकानात.

मामा ऑटो इलेक्ट्रिशियन, शिक्षण सातवी. दुकानात सेल्फ, डायनामो यायचे ते बरेचसे लुकास-टीव्हीएसचे. लुकास मूळची बर्मिंगहॅमची कंपनी. 1961 मध्ये टीव्हीएसबरोबर भागीदारी करून तिने मद्रासला काम सुरू केलं. ब्रिटनमध्ये लुकासची चेष्टा व्हायची, तिला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणायचे, कारण दिवे कधी दगा देतील याचा नेम नाही! पण बिघडलेला माल उघडता यायचा. कार्बन बदला, बुश बदला, आर्मेचर पुन्हा गुंडाळा, की सेल्फ चालू.

त्याहून भारी होते वायरचे रंग. जुनी अ‍ॅम्बॅसिडर म्हणजे मुळात ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड. त्या ब्रिटिश पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे थेट बॅटरीचा करंट, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, हिरवी म्हणजे तोच पण फ्यूजमधून गेलेला. निळी हेडलाइटची, काळी अर्थची. मामांना इंग्रजी मॅन्युअल वाचता येत नव्हतं, पण रंग वाचता यायचे. मला म्हणायचे, “आधी रंग बघ, मग टेस्टर लाव.”

आता गोष्ट बदललीय. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. इंजिनाचा बिघाड आता कोडमध्ये कळतो. त्यातले ‘पी-शून्य’ने सुरू होणारे कोड सगळ्या कंपन्यांना सारखे, म्हणजे आपल्या वायरच्या रंगांसारखेच. ‘पी-एक’चे मात्र ज्या त्या कंपनीचे. मामांनी स्वस्तातला स्कॅनर घेतला, मी त्यांना नेहमीच्या कोडची मराठी यादी करून दिली. यादीतला कोड आला की मामा तिथल्या तिथे गाडी सोडतात. कंपनीचा खास कोड आला की हात टेकतात. मग वेल्ह्याकडचा दुधाचा टेम्पो असला तरी ओढून पुण्याला न्यायचा, आणि दूध काही थांबत नाही.

हे मी नोकरीत रोज आठवतो. कोड लिहिणारे आम्हीच. त्याचा अर्थ बाहेर द्यायचा की नाही, हे ठरतं मीटिंगमध्ये, आणि त्या मीटिंगमध्ये मामा नसतात. कंपन्यांना चोरीची आणि छेडछाडीची भीती असते, ती खोटी नाही. पण इंजिनाचा प्रोग्राम बदलू देणं वेगळं आणि बिघाड कुठे आहे एवढं सांगणं वेगळं. दुसरी गोष्ट सांगायला काय हरकत आहे?

डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. नवी गाडी घ्यायच्या आधी ते बघा. आणि शोरूममध्ये मायलेजसोबत एक प्रश्न जास्तीचा विचारा: “ही आमच्या गावात दुरुस्त होईल का?”

भेटू पुढच्या भागात!