वायुशुद्धी आणि सक्रिय कोळसा



आपल्या जळगाव-धुळे भागात कपाशीची वेचणी संपली की शेतोशेती पऱ्हाट्यांचे ढीग उभे राहतात. काही चुलीत जातात, पुष्कळ बांधावरच पेटविले जातात. जी वस्तू पेटवून आपण हवा दूषित करतो, तिच्यापासूनच हवा शुद्ध करणारे द्रव्य तयार होऊ शकते. त्या द्रव्याचे नाव सक्रिय कोळसा. त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी आज आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

कोळसा वायू धरून ठेवतो, हे अठराव्या शतकातच शास्त्रज्ञांच्या ध्यानी आले होते. १८५४ साली जॉन स्टेनहाउस यांनी कोळशाचा श्वसन-मुखवटा तयार केला. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. त्याच वर्षी रशियन रसायनज्ञ झेलिन्स्की यांनी सक्रिय कोळशाचा मुखवटा सिद्ध केला. पुढे १९१८ साली अमेरिकेत याच कामासाठी घरोघरी फळांच्या आठळ्या व कठीण टरफले गोळा करण्यात आली. ज्यास आपण केरकचरा म्हणतो, त्याने सैनिकांचे प्राण राखले.

हा कोळसा करण्याची रीत अशी. लाकूड, करवंटी किंवा पऱ्हाटी प्रथम हवा कोंडून भाजावी लागते. मग सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानास तीवर वाफ सोडतात. वाफेने कोळशाचा काही अंश खाल्ला जाऊन असंख्य सूक्ष्म रंध्रे पडतात. एका ग्रॅम चांगल्या कोळशाच्या आतील पृष्ठभाग सुमारे एक हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतो. चिमूटभर भुकटीत दहा गुंठे! विषारी वायूचे कण या पृष्ठभागास येऊन चिकटतात. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. रंगाच्या कारखान्यातील द्रावकांची वाफ व क्लोरीन यांवर तो उत्तम चालतो. अमोनिया किंवा हायड्रोजन सल्फाइड यांसाठी मात्र त्यास विशिष्ट रसायने चढवावी लागतात.

आता मर्यादेची गोष्ट. ती अधिक महत्त्वाची आहे. धान्याचे पोते भरले की त्यात आणखी दाणा मावत नाही, तसेच या कोळशाचे आहे. रंध्रे भरली की मुखवटा नाकावर असूनही विष आत येते. पाकीट फोडून उघडे ठेविलेले डबे हवेतील बाष्प व वायू ओढून निकामी होतात. कोंडलेल्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड साधा सक्रिय कोळसा अडवीत नाही. आणि सर्वांत मोठे म्हणजे कोळसा हवा गाळतो, प्राणवायू निर्माण करीत नाही. म्हणून जुनी विहीर, शौचकूप किंवा गोबरगॅसची टाकी यांत मुखवट्याच्या भरवशावर उतरणे म्हणजे मृत्यूस निमंत्रण होय. एक गुदमरला म्हणून त्यास काढण्यास दुसरा उतरतो आणि दोघेही प्राणास मुकतात; अशा वार्ता आपण वारंवार वाचतो.

आपल्या घरची मुले आज जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत कामास जातात. त्यांस आमचे सांगणे एवढेच, की मुखवटा घेताना तो कोणत्या वायूसाठी आहे हे विचारावे, डब्याची मुदत पाहावी, आणि वास येऊ लागताच बाहेर पडावे. मात्र वासाचीच वाट पाहू नये, कारण काही वायूंस वास नसतो. मालकवर्गातील बांधवांनी डबे वेळच्या वेळी बदलून द्यावेत. त्यात काटकसर करू नये.

आणि शेतकरी बांधवांनी पऱ्हाटी पेटविण्यापूर्वी क्षणभर विचार करावा. एकट्याने भट्टी घालणे परवडणारे नाही. पण सहकाराने साखर होते, तसा कोळसाही होऊ शकेल. आपल्यातील शास्त्र शिकलेल्या तरुणांनी या प्रश्नात लक्ष घातल्यास, खानदेशाची काळी जमीन कापसाबरोबर शुद्ध हवाही देईल, अशी आम्हांस आशा वाटते.