ध्रुवावरचा गोठलेला उन्हाळा

वातावरणातली सगळ्यात कडाक्याची थंडी कुठे पडते? ध्रुवावर, जमिनीपासून सुमारे 85 किलोमीटर उंचीवर, आणि तीही ऐन उन्हाळ्यात, सूर्य मावळतच नाही तेव्हा! पारा उणे 130 अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो.

हे घडवून आणतात हवेतल्या लाटा. डोंगरांवर आदळणाऱ्या वाऱ्यांतून, वादळांतून त्या उठतात. वर हवा विरळ होत जाते तशी लाट फुगत जाते, शेवटी किनाऱ्यावरच्या लाटेसारखी फुटते आणि तिथल्या वाऱ्याला रेटा देते. त्या रेट्याने हवा उन्हाळी ध्रुवाकडून हिवाळी ध्रुवाकडे सरकते. तिची जागा घ्यायला खालची हवा वर चढते, प्रसरण पावते आणि गारठते. सूर्याच्या तापावर लाटांनी केलेली ही मात मला विलक्षण वाटते.

तिथल्या नाममात्र बाष्पाचंही मग बर्फ होतं, उल्कांच्या बारीक धुळीभोवती जमतं. तेच हे निळसर, रुपेरी निशामेघ. 1885 मध्ये युरोपात ते प्रथम नोंदले गेले. 2007 मध्ये ‘नासा’ने त्यांच्यासाठी खास उपग्रह सोडला.

जून-जुलैत स्कॉटलंड किंवा डेन्मार्कला असाल, तर सूर्यास्तानंतर तासा-दीड तासाने उत्तरेकडे जरूर पाहा.