मॅमोग्राफीत काही आढळले तर

चाळणी तपासणी होते ती कोणताही त्रास नसलेल्या बाईची. संशयास्पद ते बाजूला काढणे एवढेच तिचे काम. निदान करणे हे तिचे काम नाही. म्हणून मॅमोग्राफीत ‘काहीतरी दिसतंय’ म्हणजे कॅन्सर निघाला असे नव्हे. ब्रिटनमध्ये पन्नाशीपासून सत्तरीपर्यंतच्या स्त्रियांना दर तीन वर्षांनी या तपासणीचे बोलावणे येते. त्यांतल्या शंभरांपैकी साधारण चौघींना पुढच्या तपासण्यांसाठी परत यावे लागते आणि त्या चौघींपैकी एकीला कॅन्सर निघतो. अमेरिकेत परत बोलावण्याचे प्रमाण याच्या दुपटीहून अधिक आहे आणि तिथेही बहुतेकजणी निर्धास्त होऊन घरी जातात.

महाराष्ट्रात संशयाची सुरुवात बहुधा यंत्रापासून नव्हे, हातापासून होते. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रियांची आरोग्य कर्मचाऱ्यांनी हाताने तपासणी करायची असते. या पद्धतीचा मोठा पडताळा मुंबईतच झाला. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये वस्त्यांमधून सुरू केलेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया होत्या. एका गटाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी करत आणि शंका आली की रुग्णालयात पाठवत. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासणी झालेल्या गटात पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांचे स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते; त्याहून तरुण स्त्रियांत तसा फरक दिसला नाही. हा फायदा नुसत्या हात लावण्याचा नाही. संशयापुढची वाट रुग्णालयापर्यंत नीट बांधलेली होती, हे त्यामागचे मोठे कारण मानावे लागते.

मॅमोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटी ‘बायरॅड्स’ आणि पुढे एक आकडा असतो. यातला शून्य फसवा आहे. शून्य म्हणजे काहीच नाही, अशी समजूत करून घेऊन फाईल कपाटात ठेवली जाते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘तपासणी अपुरी, आणखी चित्रे हवीत’ असा आहे. एक आणि दोन निर्धोक. तीनमध्ये कॅन्सरची शक्यता दोन टक्के किंवा त्याहून कमी असते, म्हणून सुई न लावता सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढतात. चारचा पल्ला फार मोठा, दोन टक्क्यांपासून पंचाण्णव टक्क्यांपर्यंत. त्यामुळे त्याचे ए, बी, सी असे पोटभाग केलेले आहेत आणि रिपोर्टवर नुसता ‘चार’ असेल तर पोटभाग विचारून घ्यावा. पाचमध्ये शक्यता पंचाण्णव टक्क्यांच्या वर जाते.

शून्य आलेल्या बाईची आधी जादा मॅमोग्राफी होते. शंकेच्या जागेवर छोटी पट्टी दाबून, किंवा कॅल्शियमचे कण असतील तर ती जागा मोठी करून, चित्र घेतात. एकावर एक आलेल्या ऊतींची सावली गाठीसारखी दिसत असेल, तर दाबल्यावर ती विरून जाते आणि प्रकरण तिथेच मिटते. जुन्या फिल्म बरोबर नेल्या तर काही वेळा एवढ्याही खटाटोपाची गरज पडत नाही. पाच वर्षांपूर्वीही तशीच असलेली गाठ आणि नव्याने उगवलेली गाठ यांत रेडिओलॉजिस्ट मोठा फरक करतो. सोनोग्राफीत गाठ पाण्याची की भरीव ते कळते. साध्या पाण्याच्या गाठीला बहुधा काहीच करावे लागत नाही. एमआरआय ठरावीक प्रसंगीच उपयोगी पडते. बायोप्सी टाळण्यासाठी ती करून घेणे म्हणजे बहुधा खर्च वाढवणे.

एवढ्यानेही संशय फिटला नाही, तर गाठीचा तुकडा तपासावाच लागतो. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही समजूत शिकलेल्या घरांतूनही ऐकू येते. ती निराधार आहे आणि तिच्यापायी वाया जाणारे महिने मात्र खरे असतात. बारीक सुईने फक्त पेशी मिळतात. कोअर बायोप्सीत ऊतीचा सलग तुकडा मिळतो, म्हणून आता तीच पसंत केली जाते. जागा बधिर करून सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई गाठीपर्यंत नेतात, खटका दाबतात, ‘खट्’ आवाज होतो आणि शेवईच्या तुकड्यासारखा पांढरट धागा सुईच्या खाचेत येतो. असे चार-पाच धागे घेऊन फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतात. नंतर थोडे काळेनिळे होते, एवढेच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे.

कॅल्शियमचे कण बहुधा सोनोग्राफीत दिसत नाहीत. तेव्हा स्तन मॅमोग्राफीच्या यंत्रात धरून दोन कोनांतून चित्रे घेतात आणि त्यांवरून संगणक सुईची जागा काढतो. निघालेल्या धाग्यांचाच एक्स-रे काढतात. त्यात कण दिसले तरच नेमकी जागा हाती लागली म्हणायचे. तिथे खूण म्हणून धातूची बारीक क्लिप सोडतात.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट एकटा वाचायचा नसतो. चित्रात गाठ स्पष्ट संशयास्पद आणि तुकडा निर्दोष, असे निघाले तर समाधान मानू नये. सुई बाजूने गेली असेल असे धरून बायोप्सी पुन्हा करावी. हाताला गाठ लागते पण मॅमोग्राफी स्वच्छ आहे, तिथेही तेच: हाताला लागणाऱ्या गाठीचा छडा लागलाच पाहिजे. कॅन्सर निघाला तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू या चाचण्या होतात. उपचाराचा क्रम, म्हणजे आधी शस्त्रक्रिया की आधी औषधे, पुष्कळदा त्यांवरून ठरतो. सुईची तपासणी न करता गाठच काढून टाकली तर हा निर्णय घ्यायची संधी जाते आणि बऱ्याचदा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून ‘गाठ काढून टाकू, मग बघू’ असा सल्ला मिळाला, तर आधी सुईची तपासणी मागावी.