आधी आपला सेट तपासा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



अमरावतीच्या या सभागृहात पाऊल टाकलं की अजूनही वाटतं, प्रयोगवही तपासून घ्यायची राहिली आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, पण संयोजकांनी छंदाबद्दल बोलायला सांगितलंय. माझा छंद हॅम रेडिओ. सरकारी परीक्षा दिली की परवाना मिळतो आणि कॉलसाइन मिळतं. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरहून हॅम स्टेशन चालवत होते. 26 तारखेला त्सुनामी आली आणि त्याच रेडिओवरून अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचू लागले. ते वाचलं तेव्हापासून मला हा नाद लागला.

आजची गोष्ट मात्र माझ्या फजितीची आहे. अकोल्याला आईच्या घरी गच्चीवर तार ताणली आणि 7 मेगाहर्ट्झवर बोलायला लागले. तिसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू आल्या. "काहून वं पोरी, आमच्या भजनाच्या स्पीकरातून बदक कोकलल्यावानी आवाज येऊन रायला!" मी ताठ्यात म्हटलं, "काकू, तुमचा स्पीकरच स्वस्तातला आहे. माझा सेट चांगला आहे." काकूंनी आईशी बोलणं सोडलं. तीस वर्षांचा शेजार होता तो.

पुढच्याच आठवड्यात एका अनोळखी हॅमचा निरोप आला: कॉम्प्युटर जोडून तुम्ही पाठवता तो सिग्नल माझ्या पडद्यावर तीन ठिकाणी दिसतो. माझ्या पडद्यावर तर एकच दिसत होता! तेव्हा डोक्यात उजेड पडला. पाठवणाऱ्याला स्वतःचा कचरा दिसत नाही, तो ऐकणाऱ्यालाच कळतो.

मग वही काढली. सर म्हणायचे तसं, एका वेळी एकच बदल करायचा आणि लिहून ठेवायचं.

आधी ते तीन सिग्नल. कॉम्प्युटरचा आवाज मी फार मोठा ठेवला होता. त्यामुळे 600 हर्ट्झच्या सुराबरोबर 1200 आणि 1800 चेही सूर निघत होते. आवाज कमी केला, सूर 1500 च्या वर नेला. आता त्याची दुप्पट 3000 च्या पुढे जाते आणि ती सेटमधला फिल्टर अडवतो.

मग काकूंचा स्पीकर. अँटेना काढून डमी लोड लावला, म्हणजे सगळी शक्ती उष्णतेत जिरवणारा 50 ओमचा रेझिस्टर. स्पीकर गप्प. म्हणजे उपद्रव अँटेनाच्या बाजूने होता. अँटेना परत जोडून मध्ये लो-पास फिल्टर घातला. सेटमधून 14 आणि 21 मेगाहर्ट्झवर नको असलेले सिग्नल जात असतील, तर ते यात अडतात. अमेरिकेत ते मूळ सिग्नलपेक्षा किमान 43 डेसिबलने कमी, म्हणजे जवळपास वीस हजारांश, असावे लागतात. पण बदक कोकलतच होतं. याचा अर्थ, स्पीकरची लांब वायर माझा मूळ सिग्नलच पकडत होती. शिवाय माझ्या केबलच्या बाहेरच्या आवरणावरून तो सिग्नल घरात परतत होता. अँटेनापाशी केबलचे वेढे फेराइटच्या कड्यावर घेतले, तसा आवाज निम्म्यावर आला.

उरलेल्या निम्म्यासाठी काकूंच्या दारात जावं लागलं. फेराइटचं दुसरं कडं हातात होतं. म्हटलं, "काकू, चूक माझ्याकडेही होती. तुमच्या वायरला हे लावू देता का?" काकू म्हणाल्या, "लाव ना. मले कोठी काय समजते त्यातलं? पन तू स्पीकरले नावं ठेवली, ते लागलं होतं." कडं लावलं, बदक गेलं. संध्याकाळी काकू आईकडे चहाला आल्या.

आता ऑफिसात ग्राहकाची तक्रार आली की मी आधी आपला प्रोग्राम तपासते, मग त्याचं मशीन. सर, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकवलं होतं. मला ते काकूंच्या दारात समजलं.