एमजीबी घेताना काय पाहावं?

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ साली एक दोन आसनी, उघड्या टपाची गाडी बाहेर पडली. तिचं नाव एमजीबी. १९८० पर्यंत, छप्परवाली जीटी धरून, अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. त्यामुळे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची हौस असणाऱ्यांना आजही ती सहज मिळते.

घेताना मात्र नुसत्या चकचकीत रंगावर भाळू नये. या गाडीला वेगळी चासी नाही. सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावर. दारांखालची पोकळ सिल आतून गंजली, की गाडीचा कणाच खिळखिळा होतो. इंजिनचं काम त्यामानाने सोपं, गंजाचं खर्चिक. म्हणून गाडी उचलून खालून पाहावी. सिलवर लोहचुंबक फिरवावा; तो चिकटला नाही, तर रंगाखाली पुट्टी भरलेली असण्याची शक्यता मोठी. दुरुस्तीची बिलं आणि कामाचे फोटोही मागावेत.

सुट्या भागांची चिंता नको. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८ मध्ये मूळ साच्यांवर एमजीबीचे संपूर्ण नवे सांगाडेच बनवायला घेतले.

खर्चाच्या बाजूने आणखी एक दिलासा: ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला रस्ता कर माफ होतो, आणि आता सगळ्याच एमजीबी त्यात बसतात.

आणि चालवण्याची मजा? १,७९८ सीसीचं इंजिन, जमिनीलगतची बैठक, अंगावर येणारा वारा. साध्या वेगातही प्रत्येक वळण जाणवतं! लांब पल्ल्यासाठी ओव्हरड्राइव्ह असलेली गाडी निवडावी. इंजिनचे फेरे कमी होतात, आवाजही उतरतो.